माळ्यावरचं पातेलं

आमच्या घरातलं दुधाचं मोठं पातेलं त्या डिसेंबरात हरवलं. नांदत्या घरातलं पातेलं हरवतं कसं, या मुद्द्यावर मी नवऱ्याशी फोनवर भांडले. तो कंपनीच्या कामासाठी तैवानला गेला होता आणि तिथे बसून त्यानं नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोवनच्या घरातलं पातेलं हरवणं शक्य नव्हतं, पण मी चिडले की तावडीत सापडेल त्याच्यावर चिडते. आई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. ती त्या भांडणात पडली नाही. छोट्या पातेल्यात दोनदा तापव दूध, एवढंच म्हणाली.

पातेलं कुठे होतं ते सांगायचं, तर ऑक्टोबरपासून सांगावं लागेल.

ऑक्टोबरच्या अखेरीस आई मिरजेहून आली. बाबा गेल्यानंतरची पहिली थंडी तिनं एकटीनं काढू नये, म्हणून मी हट्टानं बोलावली होती. तिला यायचं नव्हतं. ‘लेकीच्या घरी किती राहावं यालाही काही रीत असते,’ असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगा असता तर तू गेली असतीस ना, असं मी विचारलं, आणि मुलगा नाही हा विषय दोघींनाही नको असल्यामुळे ती तिकिटाला तयार झाली. व्हिसा तीन महिन्यांचा. हे तीन महिने सुखाचे गेले, तर दर थंडीत तिला इथे आणायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. मिरजेच्या दोन खोल्यांत ती टीव्ही लावून एकटी जेवते, हे चित्र मला सहन होत नव्हतं. तिला इथे आवडणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती, आणि ते तिला कळू नये म्हणून मी दिवसभर तिच्यावर खेकसत होते.

आमचं घर एका ओळीतलं आहे. भिंतीला भिंत लागून घरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मिळून एकच लांबलचक, दोन्हीकडे उतरतं कौलारू छप्पर. कुणाचं छप्पर कुठे संपतं हे खालून बघून सांगता येत नाही. छपराखाली माळा. तिथे आम्ही लाकडी जमीन घालून, हीटर बसवून, बागेच्या बाजूला उतारात एक खिडकी काढून खोली केली होती. जिना इतका उभा, की चढताना आपलेच गुडघे आपल्या हनुवटीला लागतील. मी आईला मधल्या मजल्यावरची माझी कामाची खोली देणार होते. पण ती म्हणाली, ‘वरच बरं. तुमच्यात माझी लुडबुड नको.’

नको हा तिचा त्या दिवसांतला शब्दच होता. हीटर वाढवू का? नको. आणखी एक दुलई? नको. अंघोळीला जरा जास्त वेळ गरम पाणी घे ना. नको, भागलं माझं. पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. स्वयंपाकघरात भांडी घासायची ती मात्र घरच्यासारखी.

उजवीकडच्या घरात एक निवृत्त बसचालक राहतात. बायको काही वर्षांपूर्वी गेली, मुलगी द हेगला. इथे सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात, म्हणून मी आईसमोर त्यांचा उल्लेख ‘तो’ असा केला, तर ती म्हणाली, ‘तो काय? माझ्या वयाचे आहेत ते.’ तेव्हापासून ते आमच्या घरात ‘ते’ झाले. बोलायला कमी, कामाला वाघ. केव्हाही बघावं तर त्यांच्या हातात ब्रश, करवत किंवा झाडू यांपैकी काहीतरी असतंच.

आई आल्यानंतरच्या पहिल्याच कोरड्या शनिवारी त्यांनी मागच्या बागेत लोखंडी नळ्यांचं उंच मचाण उभं केलं. वादळांचे महिने जवळ आले की इथली शहाणी माणसं छपराकडे एकदा बघून घेतात. सरकलेली कौलं परत बसवतात, पन्हळीतला पाला काढतात, आढ्यावरच्या कौलांखालचं सिमेंट सुटलं नाही ना ते पाहतात. आम्ही हे घर घेतल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. आम्ही दोघंही कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांत केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या चुका शोधायचा पगार घेतो, पण डोक्यावर काय आहे ते बघायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

मी दोरीवर कपडे घालत होते. वरून त्यांनी हाक मारली.

‘तुमच्या बाजूचं आढ्यावरचं एक कौल हलतंय. मी वर आहेच. करून टाकू का?’

आणि मी म्हणाले, ‘नको, नको. तुम्हाला कशाला उगीच त्रास? आम्ही बघू.’

‘बरं,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या पन्हळीकडे वळले.

आता हे वाक्य मी कोणत्या अर्थानं म्हणाले, ते मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे कुणी काही देऊ केलं की आधी नाही म्हणायचं असतं. मग समोरचा म्हणतो, अहो, त्रास कसला त्यात. मग आपण म्हणतो, पण तुमचा वेळ जाईल. मग तो म्हणतो, मी काय परका आहे का? मग आपण नाइलाज झाल्यासारखं हो म्हणतो, आणि दोघांचाही मान राहतो. मी पहिली पायरी चढून दुसऱ्या पायरीवर वाट बघत उभी राहिले. ते दुसरी पायरी चढले नाहीत.

मी घरात येऊन आईला सांगितलं. तिला माझं वागणं अगदी बरोबर वाटलं. ‘विचारतील परत,’ ती म्हणाली आणि पोहे भिजवायला घेतले, कारण माणूस आपल्या छपरावर चढणार म्हणजे खाली उतरल्यावर त्याला काहीतरी खायला हवं. मी आल्याचा चहा ठेवला. खिडकीतून आम्ही दोघी आळीपाळीनं बघत होतो. जेवणाची वेळ टळून गेल्यावर त्यांनी मचाणाच्या नळ्या एकेक करून सोडवल्या, गाडीत भरल्या आणि ज्याच्याकडून आणलं होतं त्याला ते मचाण परत करून आले. भिजवलेले पोहे आम्हीच खाल्ले.

या देशात मला बारा वर्षं होत आली आहेत. इथे एकदाच विचारतात, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पहिल्याच वर्षी एका सहकारिणीनं भर पावसात गाडीतून सोडू का म्हणून विचारलं, मी नको नको म्हटलं, आणि ती शांतपणे गाडी घेऊन गेली. मी सायकलवर भिजत घरी आले आणि नवऱ्याला ही गोष्ट हसून हसून सांगितली. पण गोष्ट सांगता येणं वेगळं आणि तोंडाला वळण लागणं वेगळं. त्यात आई बाजूच्या खिडकीत उभी होती. तिच्यासमोर पहिल्या हाकेला हो म्हणणारी लेक मला व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तैवानला गेलेल्या नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘मग जाऊन सांग की, करून द्या म्हणून.’ आता कोणत्या तोंडानं जाऊ, मी म्हणाले. माणसानं मचाण परत केल्यावर? तो विषय तिथेच राहिला. नंतर दिवाळी आली, मग कामाची गर्दी, आणि त्या हलत्या कौलाचं मी नावही काढलं नाही.

पहिलं मोठं वादळ आलं त्या दिवशी मी घरून काम करत होते. सकाळपासून फोनवर हवामान खात्याचे केशरी इशारे. रस्त्यावर कचऱ्याचे डबे लोळत होते, समोरच्यांची लहान मुलांची घसरगुंडी दुसऱ्याच घराच्या दारात जाऊन बसली होती. आणि वर कौलं वाजत होती. वाऱ्याचा झोत आला की ओळीच्या एका टोकापासून सुरू होऊन खडखड आवाज आमच्या डोक्यावरून पुढे जायचा. आई माझ्या शेजारी येऊन बसली. ‘हे टिकेल ना?’ तिनं विचारलं. ‘आई, इथली घरं पक्की असतात,’ मी कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाले. वादळ ओसरल्यावर मी रस्त्यावर जाऊन वर बघितलं. पुढची बाजू जशीच्या तशी होती. मागची बाजू मी बघितली नाही. आई मागच्या बाजूला झोपत होती.

त्यानंतर कधीतरी पातेलं हरवलं.

ते सापडलं तो दिवस मला विसरता येणार नाही. आई तिच्या नेहमीच्या फेरीला गेली होती, तळ्यापर्यंत जाऊन यायची ती रोज. मला वरची एक बॅग हवी होती. एरवी आई मला वर येऊच देत नसे. चादरी स्वतः खाली आणायची, केर स्वतः काढायची, मला वाटायचं माझे कष्ट वाचवते आहे. मी जिना चढून दार उघडलं आणि ओलसर वास आला, बंद कपाटातल्या ओल्या टॉवेलसारखा.

पलंग जागेवर नव्हता. तो ओढून पार दारापाशी आणला होता. एवढा जड पलंग तिनं एकटीनं सरकवला होता, आणि मी खाली बसून काही ऐकलं नव्हतं. पलंग होता तिथे, उतरत्या छताच्या लाकडावर, तपकिरी डाग पसरला होता. त्याच्याखाली माझं दुधाचं पातेलं. पातेल्यात घडी करून ठेवलेला नॅपकिन.

तो नॅपकिन कशासाठी ते मला लगेच कळलं नाही. मी बघत असतानाच वरून एक थेंब पडला. आवाज झाला नाही.

बाबांचा फोटो ती मिरजेहून घेऊन आली होती. खिडकीखालच्या टेबलावर तो असायचा. आता तो दोन कॅरीबॅगांमध्ये गुंडाळून, गाठ मारून पलंगाच्या उशाशी ठेवला होता. मी तिथेच जमिनीवर बसले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. परीक्षेत नापास झाल्याची लाज असते, चारचौघांत पडल्याची असते, त्या लाजा बाहेरच्या असतात. ही पोटात होती. माझी आई माझ्या घरात गळत्या छपराखाली झोपत होती आणि थेंबाचा आवाज माझ्या कानावर पडू नये याची व्यवस्था करत होती.

ती फेरीवरून आली तेव्हा मी पातेलं घेऊन जिन्याच्या तळाशी उभी होते. तिनं आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘सांगितलं का नाहीस?’

‘थोडंसं तर गळतंय. पाऊस असला तरच.’

‘इथे रोज पाऊस असतो, आई.’

‘तुम्ही कामाची माणसं. त्यात जावई परदेशी. आणि आपण पाहुणे म्हणून राहायचं आणि घरातली उणीदुणी काढायची, बरं दिसतं का ते?’

‘पाहुणे कोण? हे तुझं घर आहे.’

आईनं मफलर सोडला, त्याची घडी केली. ‘माझं असतं,’ ती म्हणाली, ‘तर पहिल्याच दिवशी ओरडले असते.’

तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं. ती शांतपणे स्वयंपाकघरात गेली, पातेलं घासून पुसून जागेवर ठेवलं आणि कणीक मळायला घेतली. मळता मळता म्हणाली, ‘माझं तिकीट जरा अलीकडे घेता येतं का बघ. तिकडे घर बंद आहे, कुणी बघायला नाही. आणि आता परत काही येणं होईलसं वाटत नाही मला. जिना झेपत नाही.’ जिना तिला उत्तम झेपत होता. रोज तळ्यापर्यंत जाणारी बाई ती.

मी छपराची कामं करणाऱ्यांना फोन लावले. वादळानंतर सगळेच गुंतलेले होते. नवीन वर्षात बघू, असं एक म्हणाला. दुसऱ्यानं फोन उचललाच नाही. मी आईची गादी माझ्या कामाच्या खोलीत आणली आणि माळ्यावर बादल्या मांडल्या, आणि तरी मला माहीत होतं की खरा उपाय भिंतीपलीकडे राहतो. तिथे जायला माझे पाय उचलत नव्हते. ज्याला नको म्हटलं त्याच्याकडे जाऊन हवं म्हणायचं. घराबाहेर पडताना मी त्यांच्या खिडकीकडे न बघता सायकल काढत होते, जणू माझ्या छपराची गळती माझ्या चेहऱ्यावर दिसत होती.

शेवटी आईनं दुसऱ्यांदा तिकिटाचं विचारलं, त्या दुपारी मी त्यांची घंटा वाजवली. दार उघडायला वेळ लागला. ते कुबडीवर होते. नोव्हेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. शेजारी राहून आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘पण मी विचारलं होतं. तू नको म्हणालीस.’ आवाजात राग नव्हता. काल पाऊस पडला होता असं सांगावं, तसं म्हणाले.

‘हो. पण आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची पद्धत आहे.’

‘हवं असलं तरी?’

‘हवं असलं तरच जास्त.’

त्यांनी यावर खरंच विचार केला. ‘मग किती वेळा विचारायचं?’

‘तीनदा.’

‘आणि खरंच नको असेल तर?’

‘तरी तीनदा नकोच म्हणतात.’

‘मग कळतं कसं?’

आयुष्यभर मला ते कळत आलं होतं आणि कसं कळतं ते मला ठाऊक नव्हतं. ते कुबडी टेकत खुर्चीत बसले. ‘ऑपरेशननंतर मी कधी वर चढणार नाही, हे मला माहीत होतं,’ ते म्हणाले. ‘मुलीला तसा शब्द दिलाय. म्हणून जाता जाता तुमचंही करून टाकावं असं वाटलं.’

हे ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ज्या हाकेला सहज नको म्हटलं, ती त्या माणसाची छपरावरून मारलेली शेवटची हाक होती. मी आत पोहे भिजवत बसले आणि त्यांनी नळ्या सोडवल्या.

‘माझ्या ओळखीचा एक आहे. त्याला फोन करू का?’ त्यांनी विचारलं.

‘हो,’ मी त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणाले.

शनिवारी त्यांच्या ओळखीचा माणूस आला. आढ्यावरचं कौल सुटून त्याखालची दोन सरकली होती, ती त्यानं बसवली, बाकीची पक्की केली आणि गेला. काम संपलंसुद्धा, असं आईला सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. माळा वाळला. पलंग आम्ही दोघींनी मिळून जागेवर नेला. बाबांचा फोटो मात्र तिनं कॅरीबॅगेतून काढला नाही. आता जायचंच आहे, म्हणाली. तिकिटाचं रोज विचारायची, आणि मी रोज सांगायचे की विमान कंपनीची साइट बंद आहे. तिचा विश्वास बसत नव्हता हे दोघींनाही माहीत होतं.

मी मात्र त्या प्रकारातून एक गोष्ट नीट शिकले होते. जिथे राहतो तिथलं वागावं. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. हे मला इतकं पटलं होतं, की तैवानहून परत आलेल्या नवऱ्याला मी त्यावर जेवताना भाषण दिलं. तो ऐकत राहिला आणि मोठ्या पातेल्यातलं दूध पीत राहिला.

जानेवारीत पुन्हा वादळ आलं. नवरा कामावर, मी घरून, कानाला हेडफोन. आमच्या डोक्यावर कौलं वाजत होती, पण एकही हललं नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मागच्या खिडकीतून बघते, तर शेजारचे ते त्यांच्या बागेच्या टोकाला उभे. त्यांच्या अवजारांच्या खोपटाला डांबरी कागदाचं छप्पर आहे. त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्यात फडफडत होता. त्यांनी एक दोरी आणली होती, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल.

मी हेडफोन गळ्यात टाकून मागच्या दारात गेले आणि कुंपणावरून ओरडले, ‘मदत हवी का?’

‘नको, जमेल मला,’ त्यांनी हात हलवला.

‘बरं,’ मी म्हणाले आणि आत आले. मीटिंग चालू होती. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकच वाटलं. एकदा विचारलं, उत्तर मिळालं, त्याचा मान राखला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी हे इतकं सफाईदार केलं होतं.

आई खिडकीत येऊन उभी राहिली होती. ‘ते स्टुलावर चढतायत,’ ती म्हणाली.

‘विचारलं मी. नको म्हणाले.’

‘नको म्हणाले म्हणून काय झालं?’ आई माझ्याकडे वळली. ‘तू नव्हतीस नको म्हणाली?’

‘आई, इथे तसं नसतं. नको म्हटल्यावर मागे लागलेलं त्यांना आवडत नाही.’

‘एका पायावर उभा आहे तो माणूस,’ आई म्हणाली. त्या घाईत तिच्या तोंडूनही ‘तो’ निघून गेला. तिनं साडीवरून माझ्या नवऱ्याचं जाकीट चढवलं, दारातल्या त्याच्या रबरी बुटांत पाय घातले आणि मागच्या बोळातून बाहेर पडली.

मी खिडकीतून बघत होते. हे मी लिहिते आहे, कारण तेच खरं आहे. माझी आई बाहत्तर वर्षांची, तिला वाऱ्यात नीट उभंही राहता येत नव्हतं, पदर तोंडावर येत होता, आणि मी हेडफोनमधून ‘येस, आय अ‍ॅग्री’ म्हणत होते. कशाला अ‍ॅग्री म्हटलं ते आठवत नाही. आईनं कुंपणाचं दार ढकललं, त्यांना काही विचारलं नाही, सरळ जाऊन एका हातानं स्टूल आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला. ती मराठीत बोलत होती, हे मला तिच्या मानेच्या हालचालीवरून कळत होतं. उतरा, मी धरलंय, उतरा आधी. ते मान हलवत होते, नको, नको असं चाललं होतं. आई ऐकत नव्हती. मग ते उतरले. उतरताना त्यांनी आपला सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला, आणि त्यांचा चेहरा मला दिसला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. घंटा वाजवून त्यांच्या दारात उभी होते, तेव्हा माझा तसाच झाला असणार.

लाज वाटत असताना कुठल्याही देशातला माणूस नकोच म्हणतो, एवढी साधी गोष्ट मला समजली नव्हती. त्यांना जमणार नव्हतं. जमत नाही असं शेजारणीला ओरडून सांगणं त्यांना आणखीच जमणार नव्हतं.

मी धावत गेले तेव्हा निम्मं काम झालं होतं. त्या दोघांनी खालूनच दोरी खोपटावरून पलीकडे टाकली होती. आई एका टोकाला बागेतली फरशी बांधत होती, ते दुसऱ्या टोकाला. फरशा लोंबत्या सोडल्यावर दोरी ताणली गेली आणि फडफडणारा कोपरा दबला. माझ्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी स्टूल उचललं आणि त्यांच्या मागे मागे त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

त्यांनी कॉफी केली. आईची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. जाकिटाच्या बाह्यांतून तिचे हात दिसत नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, ती टेकून बसली, कडेवर नाही. त्यांनी बिस्किटांचा डबा उघडून तिच्यापुढे धरला आणि विचारलं. आई म्हणाली, ‘या.’ पहिल्याच वेळी. डच भाषेतला हो तिला कधी आला, मला माहीत नाही. तिनं एक बिस्किट घेतलं, ते खाल्लं, आणि मग डब्यातून आपण होऊन दुसरं घेतलं.

‘यांना सांग,’ ती मला म्हणाली, ‘तो कागद पुरता कुजलाय. नुसत्या दोरीनं भागायचं नाही. पुढच्या खेपेला मी आले की वादळाच्या आधीच माणूस बोलावून नवीन घालून घेऊ.’

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मधेच थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. ‘सांग ना,’ ती म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी आईकडे बघून मान हलवली. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘ऑक्टोबरमध्ये.’

मग त्यांनी डबा माझ्यापुढे धरला.

‘नको, नको,’ मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. शिवाय मी तिथे बिस्किट खाण्यासारखं काही केलं नव्हतं.

त्यांनी डबा मागे घेतला नाही. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी कुबडी टेबलाला टेकवली, डबा दोन्ही हातांत धरला आणि अगदी शांतपणे, ठरवून ठेवल्यासारखं, तिसऱ्यांदा विचारलं.

मी बिस्किट घेतलं. मी त्यांना एकदाच विचारलं होतं.